नर्सेससाठी मानसिक स्वास्थ्याचं प्रशिक्षण: सिनॉप्सिस लिहिण्याआधी

नर्सिंग, मानसशास्त्र किंवा समाजकार्यात संशोधन करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांच्या वहीत एक शीर्षक हमखास सापडतं. "बीड जिल्ह्यातील निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या ताणतणावावर ताण-व्यवस्थापन प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेचा अभ्यास." जिल्ह्याचं नाव बदलतं, साचा तोच राहतो. चाळीस नर्सेस घ्यायच्या, पूर्वचाचणी घ्यायची, पाच दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, उत्तरचाचणी घ्यायची, टी-टेस्ट लावायची. गुणांत फरक दिसला की निष्कर्ष तयार: प्रशिक्षण परिणामकारक आहे.

विषय चांगला आहे, गरजेचा तर आहेच. अडचण साच्यात आहे. या पद्धतीने अभ्यास केला तर उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच येतं, प्रशिक्षणाचा काही उपयोग झालेला असो वा नसो. आणि ज्या अभ्यासाचं उत्तर "नाही" येऊच शकत नाही, त्यातून आपल्याला नवीन काही कळत नाही.

हा फक्त पद्धतीचा काथ्याकूट नाही. समजा, तुमचा निष्कर्ष एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला. "प्रशिक्षण दिलं की नर्सेसचा ताण कमी होतो" हे वाक्य त्यांनी वाचलं. मग रिक्त पदं, सलग नाईट ड्युट्या, नातेवाईकांची अरेरावी याबद्दल काही करायची गरज उरते का? दरवर्षी एक कार्यशाळा घेतली की झालं. म्हणजे तुमच्या एका वाक्याने ताणाची जबाबदारी वॉर्डावरून उचलून नर्सच्या डोक्यावर ठेवली जाऊ शकते. म्हणून हा विषय घ्यायचा असेल तर नीट घ्या. कसा, ते पाहू.

प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय?

"मानसशास्त्रीय प्रशिक्षण" या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. श्वासाचे आणि शरीर सैल सोडण्याचे व्यायाम. माइंडफुलनेस. मनात येणारे विचार तपासून पाहायला शिकवणारी, संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीवर आधारलेली सत्रं. "नाही" कसं म्हणायचं, चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं, याचा सराव. रुग्ण दगावल्यावर सहकाऱ्यांनी एकत्र बसून बोलणं.

जागतिक आरोग्य संघटनेचा 'सेल्फ-हेल्प प्लस' हा कार्यक्रम याचं एक चांगलं उदाहरण आहे. दोन-दोन तासांची पाच सत्रं, रेकॉर्ड केलेला आवाज, सोबत चित्रांचं पुस्तक. थोडक्या दिवसांत तयार केलेली, मानसोपचाराची पदवी नसलेली माणसंसुद्धा ही सत्रं चालवू शकतात. भावनेच्या वादळात पाय जमिनीवर कसे ठेवायचे, त्रासदायक विचारांच्या गळातून कसं सुटायचं, आपल्या मूल्यांप्रमाणे एखादी छोटी कृती कशी करायची, स्वतःशी आणि इतरांशी मायेने कसं वागायचं, दुःखाला मनात जागा कशी द्यायची, अशी त्याची मांडणी आहे.

सिनॉप्सिसमध्ये नुसतं "ताण-व्यवस्थापन प्रशिक्षण" लिहून भागत नाही. किती सत्रं, किती वेळ, कोण घेणार, प्रत्येक सत्रात काय, आणि ते ताणाच्या कोणत्या दुव्यावर काम करणार, हे सगळं लिहावं लागतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. श्वासाच्या व्यायामाने ड्युटीनंतर झोप लागायला मदत होईल, अशी अपेक्षा ठेवता येते. त्याच व्यायामाने वॉर्डातल्या पेशंटची संख्या कमी होईल, अशी ठेवता येत नाही.

आतापर्यंतचा पुरावा

२०२० मध्ये कोक्रेन या संस्थेचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांची मानसिक लवचिकता वाढवणाऱ्या कार्यक्रमांचे ४४ यादृच्छिक प्रयोग त्यात तपासले होते. प्रशिक्षण संपल्या-संपल्या लवचिकता वाढल्याचं, नैराश्याची लक्षणं आणि ताण कमी झाल्याचं दिसलं. चिंता आणि एकूण स्वास्थ्य यांच्यात मात्र फरकाचा फारसा पुरावा नव्हता. आणि या सगळ्या पुराव्याची खात्री लेखकांनी "अतिशय कमी" या दर्जाची ठरवली. आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: ४४ पैकी ३६ प्रयोग श्रीमंत देशांतले होते.

२०२३ चा कोक्रेनचा दुसरा आढावा त्याहून मोठा आहे: ११७ अभ्यास, ११ हजारांहून अधिक आरोग्य कर्मचारी. वैयक्तिक पातळीवरच्या उपायांनी वर्षभरापर्यंत ताण कमी होऊ शकतो, असं तो सांगतो. वर्षानंतर काय होतं, हे मात्र धूसरच आहे.

आता विरुद्ध बाजू. २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. लवचिकतेचं प्रशिक्षण, माइंडफुलनेस, स्वास्थ्याची ॲप्स यांत भाग घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं त्यात दिसलं नाही. अर्थात, हे सर्वेक्षण आहे, प्रयोग नाही. मुळात ज्यांना जास्त त्रास आहे तेच प्रशिक्षणाला आले असतील, ही शक्यता उरतेच. पण एवढ्या मोठ्या संख्येत फायद्याची खूण सापडू नये, हेही विचार करायला लावणारं आहे.

मग प्रशिक्षण निरुपयोगी म्हणायचं का? तसंही नाही. युगांडात आसरा घेतलेल्या दक्षिण सुदानच्या ६९४ स्त्रियांवर 'सेल्फ-हेल्प प्लस'चा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तीन महिन्यांनंतरही या स्त्रियांचा मानसिक त्रास तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. युद्ध, स्थलांतर, गरिबी यांतलं काहीच प्रशिक्षणाने संपलं नव्हतं, तरी माणसाला थोडा आधार मिळाला.

या सगळ्याचा मेळ घातला तर चित्र असं दिसतं: प्रशिक्षणाने काही लोकांना, काही काळ, काही बाबतींत मदत होते. प्रश्न आहे तो कुणाला, किती आणि कशाच्या बदल्यात हा.

ताण येतो कुठून?

१९६० मध्ये इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषकांनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंग सेवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सला रोज वेदना, मृत्यू, घाण, नातेवाइकांचा राग यांना सामोरं जावं लागतं. ही अस्वस्थता टाळण्यासाठी रुग्णालयाने कामाची रचनाच अशी केली होती की नर्सचा कुठल्याही एका रुग्णाशी फार संबंध येऊ नये. एका नर्सने सगळ्यांचं एकच काम करायचं. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं. मेन्झिस यांच्या मते या रचनेने अस्वस्थता कमी झाली नाहीच, उलट कामातून मिळणारं समाधानही गेलं. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत होत्या. आपल्याकडे "सात नंबरची बाई" किंवा "ते पॉयझनिंगचं पेशंट" असं कानावर येतं, तेव्हा हा निबंध आठवावा.

दुसरा अभ्यास २००२ चा, लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांवर नर्सेस. एका नर्समागे एक जादा रुग्ण आला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असा संबंध त्यांना दिसला. म्हणजे नर्सची दमछाक हा तिचा खाजगी मामला नाही, तो खाटेवरच्या माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे.

बर्नआउटच्या व्याख्येतही हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी ती व्यावसायिक स्थिती मानली आहे. व्याख्येतच कामाचं ठिकाण आहे, तर तुमच्या अभ्यासातून ते गायब कसं होईल?

एकाच गटाच्या अभ्यासात काय लपतं?

प्रशिक्षणाआधी ताणाचे सरासरी गुण २८, नंतर २१. सातने घटले. या घटीची प्रशिक्षणाखेरीज निदान चार स्पष्टीकरणं आहेत.

पहिलं, सरासरीकडे ओढ. तुम्ही सर्वांत जास्त ताण असलेल्या नर्सेस निवडल्या, तर त्यातल्या काही जणींचा तो आठवडाच वाईट होता. पुढच्या वेळी त्यांचे गुण आपोआप खाली येणार, तुम्ही प्रशिक्षण द्या किंवा नुसता चहा पाजा.

दुसरं, काळ. बीड जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो ऊसतोड मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढतात. तुमची पूर्वचाचणी सप्टेंबरात आणि उत्तरचाचणी डिसेंबरात असेल, तर मधल्या काळात वॉर्डातली गर्दीच बदललेली असू शकते. ओपीडी आणि आयपीडीची रजिस्टरं पाहिल्याशिवाय "ताण प्रशिक्षणाने कमी झाला" असं म्हणता येत नाही.

तिसरं, भीड. पाच दिवस प्रेमाने शिकवणारी, स्वतःच्या पैशाने नाश्ता आणणारी मुलगी शेवटी फॉर्म घेऊन समोर उभी राहिली, तर "काही फरक पडला नाही" असं कोण लिहील?

चौथं, कोण आलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांवर आरोग्य-स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. भाग घेणारे आणि न घेणारे यांची साधी तुलना केली, तर कार्यक्रम उत्तम वाटत होता. पण भाग घेणारे मुळातच जास्त निरोगी होते. चिठ्ठीने पाडलेल्या गटांची तुलना केल्यावर आरोग्यखर्च, सवयी, कामातली हजेरी यांतला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. एकच माहिती, दोन पद्धती, दोन उलट उत्तरं. पेटच्या मुलाखतीत नियंत्रण गट कशाला लागतो असं विचारलं, तर हे उदाहरण सांगा.

बीडमध्ये आराखडा कसा बांधाल?

आधी नकाशा समजून घ्या. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. बीडचं जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांखाली. म्हणजे परवानग्या तीन ठिकाणच्या. शिवाय अंबाजोगाईतली अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालयातली कंत्राटी सिस्टर आणि उपकेंद्रावरची आरोग्यसेविका यांची कामं आणि अडचणी सारख्या नाहीत. तिघींना एका नमुन्यात कोंबून सरासरी काढली, तर ती सरासरी कुणाचीच नसते.

नियंत्रण गट म्हटलं की एक आक्षेप येतो: "काही जणींना प्रशिक्षण द्यायचं नाही, हे बरं दिसतं का?" यावर सोपा उपाय आहे, प्रतीक्षा-यादी. प्रशिक्षण सगळ्यांना द्यायचं, पण आधी कुणाला आणि नंतर कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पहिल्या तुकडीचं झालं आणि दुसरीचं व्हायचं आहे, तेव्हा दोघींची तुलना करायची. सगळ्यांची ड्युटी एकदम सुटत नाही, त्यामुळे इनचार्ज सिस्टरांनाही हे सोयीचं पडतं.

चिठ्ठ्या नर्सेसच्या नावाने टाकू नका, रुग्णालयांच्या नावाने टाका. एकाच वॉर्डातल्या दोघींपैकी एकीला प्रशिक्षण मिळालं, की ओव्हर देताना ती दुसरीला सगळं सांगणारच. युगांडातल्या प्रयोगातही चिठ्ठी गावांवर टाकली होती, बायकांवर नाही.

याची किंमत नमुन्याच्या आकारात मोजावी लागते. एका रुग्णालयातल्या नर्सेसचे अनुभव एकमेकींसारखे असतात, त्यामुळे दहा जणी म्हणजे दहा पूर्ण वेगळी उत्तरं नव्हेत. हिशेब असा: एका ठिकाणच्या नर्सेसच्या संख्येतून एक वजा करा, त्याला अंतर्गत साम्याच्या गुणांकाने गुणा, त्यात एक मिळवा. आठ रुग्णालयं, प्रत्येकी दहा नर्सेस, गुणांक ०.०५ धरला तर ९ गुणिले ०.०५ अधिक १ म्हणजे १.४५. तुमच्या ८० नर्सेस प्रत्यक्षात ८० भागिले १.४५, म्हणजे साधारण ५५ जणींइतकी माहिती देतात. हा आकडा सिनॉप्सिसमध्येच लिहा. आणि एवढी रुग्णालयं मिळत नसतील, तर परिणामकारकतेचा दावा सोडा. "हे प्रशिक्षण इथे राबवता येईल का?" हा व्यवहार्यतेचा अभ्यास करा. तो कमी दर्जाचा नसतो.

मोजायचं कशाने?

मास्लाक यांची बर्नआउट प्रश्नावली १९८१ पासून वापरात आहे. भावनिक थकवा, रुग्णांविषयी कोरडेपणा आणि कामातून काही साधल्याची भावना असे तिचे तीन भाग आहेत. ती विकत घ्यावी लागते. स्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची छोटी प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांविषयी प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण द्यायचे, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो.

अनुवाद करताना घाई नको. इंग्रजीतून मराठी, मराठीतून दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजी, आणि मग चार-पाच सिस्टरांसमोर बसून "हे वाक्य वाचून तुम्हाला काय वाटलं?" हे विचारणं. "भावनिकदृष्ट्या रिक्त वाटते" असं छापलं तर वाचणारी अडखळते. "जीव नकोसा झालाय", "डोकं बधिर झालंय", "कुणाशी बोलूच वाटत नाही" यांतलं प्रत्येक वाक्य वेगळी गोष्ट सांगतं. ते त्यांच्याकडूनच कळेल.

भावनांसोबत कामाची नोंद घ्या. त्या आठवड्यात नाईट किती झाल्या, एका शिफ्टला किती पेशंट होते, साप्ताहिक सुट्टी मिळाली का, जेवायला वेळ मिळाला का. ही माहिती नसेल, तर प्रशिक्षणाचा परिणाम आणि ड्युटी-चार्टचा परिणाम वेगळा करता येणार नाही.

संमती, आणि फॉर्म कुणाच्या हातात

अधिसेविकांनी "उद्या सगळ्यांनी हॉलमध्ये यायचं" असा निरोप दिला, तर सह्या सगळ्यांच्या मिळतील, पण ती संमती नव्हे. ज्यांची नेमणूक कंत्राटी आहे आणि जिचं नूतनीकरण व्हायचं आहे, त्या तर "नाही" म्हणणारच नाहीत. म्हणून फॉर्म इनचार्जकडून गोळा करू नका, नावाऐवजी संकेतांक वापरा, आणि रुग्णालयाला वॉर्डनिहाय आकडे देणार नाही हे संमतिपत्रात लिहा. चार जणींच्या वॉर्डात सरासरीवरूनही माणूस ओळखता येतो. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत ठेवा. नाईट संपवून आलेल्या बाईला ताण-व्यवस्थापनासाठी दोन तास थांबवणं म्हणजे ताणात भरच.

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि प्रयोग असेल तर पहिली व्यक्ती सहभागी होण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी, हे तिन्ही करा. एखादीच्या उत्तरात जीव देण्याचा विचार दिसला तर त्याच दिवशी काय करणार, हेही लिहून ठेवा: कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणार, सोबत कोण जाणार. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक फॉर्मच्या तळाशी छापा.

मग शीर्षक काय ठेवाल?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ६० रुग्णालयांतल्या डॉक्टर आणि नर्सेसना विचारलं होतं की तुमचं बरं व्हावं म्हणून काय केलं पाहिजे. नर्सेसनी पुरेसं मनुष्यबळ आणि सलग ब्रेक यांना वर ठेवलं. लवचिकतेचं प्रशिक्षण त्यांच्या यादीत बरंच खाली होतं. बीडच्या सिस्टर काय म्हणतील, हे तुम्हाला त्यांना विचारूनच कळेल, आणि प्रशिक्षणाचा आराखडा बांधण्याआधी ते विचारणं तुमच्या हातात आहे.

त्यामुळे "परिणामकारकतेचा अभ्यास" असं लिहिण्याऐवजी प्रश्न असा मांडून पाहा: "बीड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांतल्या अधिपरिचारिकांमध्ये पाच सत्रांच्या प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी भावनिक थकवा, प्रतीक्षा-यादीतल्या रुग्णालयांच्या तुलनेत, कमी असतो का? आणि ज्यांच्यावर पेशंटचा भार जास्त आहे, त्यांच्यातही तो तेवढाच कमी होतो का?"

दुसरा भाग मुद्दाम जोडला आहे. भार जास्त असलेल्या वॉर्डात प्रशिक्षण चालत नाही असं निघालं, तर तुमच्या प्रबंधात एक वाक्य येईल, जे सिस्टरांना भरतीच्या मागणीसोबत जोडता येईल. तिथेही चालतं असं निघालं, तर पदं भरली जाईपर्यंत द्यायला हातात काहीतरी आहे, हे खात्रीने सांगता येईल. दोन्ही उत्तरं कुणाच्या तरी कामाची आहेत. सिनॉप्सिस गाईडकडे नेण्याआधी आपल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं कागदावर लिहून पाहा. त्यातलं एक लिहिताच येत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.